धूर इथला, पावती तिथली

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

शेतमालाच्या बाजारात एक शब्दप्रयोग रोज ऐकू येतो : वळते करून घेणे. पेरणीच्या वेळी शेतकरी अडत्याकडून उचल घेतो. हंगामात माल विकायला आणला की अडत्या ती उचल पट्टीतून वळती करून घेतो. देणे आणि घेणे एकाच वहीत, समोरासमोर बसलेल्या दोन माणसांचे. या व्यवहारात कोणी नाडला जात नाही, असे मी म्हणणार नाही. पण कोण कोणाचे देणे लागतो, एवढे तरी दोघांनाही ठाऊक असते.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जगात एक नवी वही उघडली गेली आहे. तिच्यातही देणे वळते केले जाते. धूर सोडणारा एका खंडात असतो, त्या धुराच्या बदल्यात काम करून पैसे मिळवणारा दुसऱ्या खंडात असतो, आणि ज्याच्या दारात ते काम चालते, त्याचे नाव बहुधा वहीत नसते. या वहीला कार्बन व्यापार म्हणतात. मी कवी माणूस, शिक्षण बी. ए.पर्यंतचे. वायूंचे रसायनशास्त्र मला शिकवता येणार नाही. पण हिशेबात कोणाचे नाव लिहायचे राहिले, हे पाहायला रसायनशास्त्र लागत नाही.

आधी वहीची रीत समजून घेऊ. १९९७ साली जपानमधल्या क्योटो शहरात करार झाला आणि २००५ साली तो अमलात आला. श्रीमंत देशांनी कोळसा, तेल, वायू जाळून हवेत जे सोडले आहे ते कमी करायचे, असे ठरले. पण सगळे आपल्याच घरी कमी करायला हवे, असे नाही. 'स्वच्छ विकास यंत्रणा' नावाची एक वाट मोकळी ठेवली गेली. गरीब देशात एखादा प्रकल्प उभा राहिला आणि त्यामुळे एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचला, तर त्याची एक पावती मिळणार. ती पावती म्हणजे कार्बन क्रेडिट. श्रीमंत देशाने ती विकत घ्यायची आणि आपल्या एक टन धुराच्या समोर मांडायची. मिथेन वायू त्या वेळच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या २१ पट तापदायक धरला जात असे. म्हणून एक टन मिथेन जाळून टाकला, की जवळजवळ तितक्याच पावत्या हाती येत.

यामागचा तर्क अगदीच पोकळ नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पृथ्वीभोवतीची हवा एकच आहे. एक टन धूर लंडनमध्ये वाचला काय किंवा लातूरमध्ये वाचला काय, आभाळाला फरक पडत नाही. मग जिथे स्वस्तात वाचतो तिथे वाचवावा, असे अर्थशास्त्र म्हणते. आभाळाला फरक पडत नाही, हे खरे. पण माणसे आभाळात राहत नाहीत. ती कोणत्या तरी गल्लीत, कोणत्या तरी डोंगराच्या पायथ्याशी, कोणत्या तरी नाल्याच्या काठावर राहतात. तिथे फार फरक पडतो.

तो फरक कसा पडतो, हे सांगण्यासाठी मी तुम्हाला दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बन शहरात नेणार आहे. डर्बन आपल्याला परके नाही. १८६० पासून गिरमिटिये मजूर जहाजांनी तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले, त्यांच्यामागून व्यापारी गेले. आपल्या कोकणातली मुसलमान कुटुंबे आणखी पुढे केपटाऊनला जाऊन स्थिरावली. गांधीजींचा फिनिक्स आश्रमही १९०४ साली डर्बनजवळच उभा राहिला.

या डर्बनमध्ये क्लेअर इस्टेट नावाची वस्ती आहे. वर्णभेदाच्या काळात कोणी कुठे राहायचे, हे कातडीचा रंग पाहून कायदा ठरवत असे. भारतीय वंशाच्या लोकांची अशी ही वस्ती. १९८० साली शहराच्या गोऱ्या कारभाऱ्यांनी तिथल्या बिसासार रोडवर कचरा टाकायला सुरुवात केली. वस्ती आधीची, कचरा नंतरचा. ज्यांना मतदानाचा बरोबरीचा हक्क नाही, त्यांच्या दारात कचरा टाकणे सगळ्यात सोपे असते. हळूहळू तो आफ्रिकेतल्या सर्वांत मोठ्या कचराभूमींपैकी एक झाला.

रस्त्याच्या पलीकडे, डोंगराच्या अगदी समोर, साजिदा खान यांचे घर होते. कचराभूमी बंद होईल, तिथे खेळाची मैदाने होतील, असे रहिवाशांना सांगण्यात आले होते. वर्णभेद संपला, १९९४ साली नवे सरकार आले, लोकांना वाटले आता तरी हा डोंगर हटेल. पण १९९६ साली बंद होण्याऐवजी त्याचे आयुष्य वाढवण्यात आले. साजिदाबाईंनी दारोदार फिरून सुमारे सहा हजार सह्या गोळा केल्या. त्या स्वतः कॅन्सरने आजारी होत्या. आपल्या आजाराचे मूळ समोरच्या डोंगरात आहे, असे त्यांचे ठाम मत होते. अशा बाबतीत कागदोपत्री पुरावा उभा करणे किती अवघड असते, हे कारखान्याच्या किंवा कचऱ्याच्या शेजारी राहणाऱ्या कोणालाही विचारा. वासाला पंचनामा नसतो.

अशात कार्बन क्रेडिट आले. कचरा कुजला की मिथेन निघतो. तो नळ्यांनी गोळा करून जाळायचा, त्यावर वीज करायची आणि वाचलेल्या तापाच्या पावत्या विकायच्या, अशी योजना डर्बन शहराने जागतिक बँकेच्या कार्बन निधीच्या मदतीने आखली. योजना दिसायला देखणी होती. वायू वाया जाणार नाही, कोळशाची थोडी वीज वाचेल, शहराला परकीय चलन मिळेल. साजिदाबाईंनी साधा प्रश्न विचारला : जो डोंगर बंद करण्याचे वचन तुम्ही आम्हाला दिले, तोच आता शहराला कमाई करून देऊ लागला, तर तो बंद कोण करील? बंद केलेल्या कचराभूमीतूनही वर्षानुवर्षे वायू निघत राहतो. तो काढायचाच असेल तर आधी डोंगर बंद करा, मग वायू काढा. उलटा क्रम कशासाठी?

त्यांनी पर्यावरण परवान्याविरुद्ध अपील केले. जगभरातले कार्यकर्ते त्यांच्या घरी येऊ लागले. ऑक्टोबर २००४ मध्ये याच डर्बनमध्ये अनेक देशांतले लोक जमले आणि कार्बन व्यापाराविरुद्ध एक जाहीरनामा निघाला. 'हवामान न्याय' हा शब्द आज सगळीकडे ऐकू येतो. त्याच्या घडणीत या जाहीरनाम्याचा वाटा आहे. एका आजारी बाईच्या हट्टापुढे जागतिक बँकेच्या निधीनेही हात आखडता घेतला. बिसासार रोडचा भाग त्याने सोडून दिला आणि दुसऱ्या दोन लहान कचराभूमींवर काम पुढे नेले. जुलै २००७ मध्ये साजिदाबाई वारल्या. २००९ साली बिसासार रोडचा प्रकल्प स्वच्छ विकास यंत्रणेत रीतसर नोंदला गेला. आणि २०११ साली संयुक्त राष्ट्रांची हवामान परिषद भरली ती नेमकी डर्बनमध्येच.

श्रोतेहो, गोष्ट इथे संपवली असती तर ऐकायला सोपी झाली असती. एक शूर बाई, एक निर्दय बँक. पण त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला केनेडी रोड नावाची झोपडपट्टी होती. तिथे काळे, अतिशय गरीब लोक राहत. त्यांतले कित्येकजण कचऱ्यातून भंगार, प्लास्टिक, पुठ्ठा वेचून पोट भरत. डोंगर बंद झाला तर त्यांची चूल बंद होणार होती. वायूच्या प्रकल्पात नोकऱ्या मिळतील, मुलांना शिष्यवृत्त्या मिळतील, अशी आशा त्यांना दाखवण्यात आली होती. साहजिकच त्यांतले अनेकजण साजिदाबाईंवर नाराज होते. एकाच दुर्गंधीत श्वास घेणारी दोन माणसे एकमेकांसमोर उभी राहिली. एक म्हणत होता डोंगर हटवा, दुसरा म्हणत होता आमची भाकरी हटवू नका.

दोघेही खोटे बोलत नव्हते. मला या गोष्टीतला हाच भाग फार महत्त्वाचा वाटतो. अन्याय जेव्हा वरून खाली येतो, तेव्हा तो तळाशी पोहोचेपर्यंत गरिबांमधले भांडण होऊन जातो. कार्बनच्या वहीत या दोघांसाठीही रकाना नव्हता. साजिदाबाईंच्या छातीतल्या दुखण्याचा हिशेब टनात होत नाही, आणि केनेडी रोडवरच्या माणसाने वेचलेल्या पुठ्ठ्याचाही तिथे हिशेब नव्हता. वहीत होता तो फक्त नळीतून जाणारा वायू.

आता मुंबईकडे या. बोरिवलीजवळ गोराईच्या खाडीकाठी मुंबई महापालिकेचे डंपिंग ग्राउंड होते. या शतकाच्या पहिल्या दशकात ते बंद करण्यात आले, कचऱ्याचा डोंगर मातीने झाकला गेला, वायू गोळा करून जाळण्याची व्यवस्था झाली, आणि कार्बन क्रेडिटच्या भरवशावर आशियाई विकास बँकेमार्फत आगाऊ पैसेही आले. इथे क्रम बरोबर होता. आधी बंद, मग वायू. आसपासच्या रहिवाशांना मोकळा श्वास मिळाला. म्हणजे कार्बनचा पैसा नेहमी वाईटच काम करतो, असे नाही. पण गोराई बंद झाले म्हणून मुंबईचा कचरा कमी झाला नाही. त्याचा भार देवनार आणि मुलुंडकडे वळला. पश्चिम उपनगरातली दुर्गंधी पूर्व उपनगरात वळती झाली, असे म्हणा ना.

देवनारला १९२७ पासून मुंबईचा कचरा पडतो आहे. त्याच्या पायथ्याला शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीनगर. ज्यांना शहराने वेळोवेळी इकडून उठवले, तिकडून हुसकले, अशा गरिबांच्या या वस्त्या. त्यांत मुसलमान पुष्कळ, दलित पुष्कळ, मराठवाड्यातून आणि उत्तरेतून पोटासाठी आलेले पुष्कळ. २००९ साली निघालेल्या मुंबईच्या मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग शहरात तळाला होता. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या डोंगराला आग लागली, तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला. आसपासच्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. गोराईत झाकलेल्या वायूच्या पावत्या होत्या, देवनारमध्ये मुलांच्या खोकल्याची पावती कोणी फाडली नाही.

कचऱ्याबाहेरही हीच तऱ्हा. आपल्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात आणि नंदुरबारच्या पठारांवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. वाऱ्याची वीज स्वच्छ, त्याबद्दल वाद नाही. तिलाही कार्बन क्रेडिटचा आधार होता. पण त्यासाठी वनजमीन वळती करण्यात आली आणि तिच्यावर पिढ्यान्पिढ्या नागली-ज्वारी पेरणाऱ्या आदिवासींनी विचारले, आमच्या हक्काचे काय? भारतात सरासरीने माणशी वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, अमेरिकेत सुमारे चौदा टन. त्या पठारावरच्या आदिवासीचा वाटा भारताच्या सरासरीच्याही कितीतरी खाली. ज्याने धूर केलाच नाही, त्याची जमीन दुसऱ्याच्या धुरासमोर मांडली गेली.

बरे, एवढे सोसून निदान आभाळाचा तरी हिशेब बरोबर लागला का? तोही लागला नाही. शीतकरणासाठी लागणारे एक रसायन बनवताना एचएफसी-२३ नावाचा वायू उपपदार्थ म्हणून निघतो. हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० पट धरला जाई. म्हणजे एक टन वायू जाळला की हजारो पावत्या. चीनमधल्या आणि भारतातल्या काही मोजक्या कारखान्यांनी हे केले. २०१० पर्यंत स्वच्छ विकास यंत्रणेत निघालेल्या पावत्यांपैकी जवळजवळ निम्म्या या एकाच वायूच्या होत्या. वायू जाळायला खर्च थोडा आणि पावत्यांचे मोल प्रचंड. मूळ मालापेक्षा घाण जाळण्यात नफा जास्त, अशी परिस्थिती आली. शेवटी युरोपने मे २०१३ पासून या पावत्या घेणे बंद केले. पुढे २०१६ साली युरोपीय आयोगासाठी जर्मनीतल्या एका संस्थेने पाहणी केली. तपासलेल्या प्रकल्पांपैकी ८५ टक्के प्रकल्पांनी खरोखर जास्तीची आणि न फुगवलेली कपात केली असण्याची शक्यता कमी आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला. म्हणजे पैसे नसते मिळाले तरी जे होणारच होते, त्याच्याही पावत्या विकल्या गेल्या. आणि त्या पावत्यांच्या जोरावर दुसरीकडे धूर मात्र खराखुरा निघाला.

आमच्याकडे मौलवीसाहेब एक गोष्ट लहानपणापासून सांगतात. माणसावर दोन प्रकारचे हक्क असतात. एक अल्लाहचा हक्क आणि दुसरा बंद्यांचा, म्हणजे माणसांचा हक्क. नमाज चुकली, रोजा चुकला, तर तौबा करावी, अल्लाह माफ करणारा आहे. पण शेजाऱ्याचा हक्क मारला असेल, तर नुसत्या तौबेने भागत नाही. ज्याचा मारला त्याला तो परत करावा लागतो, त्याच्याकडून माफी मिळवावी लागते. मशिदीला कितीही मोठी देणगी दिली, तरी शेजाऱ्याचे देणे त्यात वळते होत नाही. हे काही एका धर्माचेच शहाणपण नव्हे. आपल्या गावांत कोणीही जुना माणूस हेच सांगेल, की ज्याचे देणे त्यालाच द्यावे लागते.

कार्बन व्यापाराचा खरा दोष मला इथे दिसतो. तो आभाळाचा हक्क आणि शेजाऱ्याचा हक्क यांची गल्लत करतो. आभाळाच्या देण्यात एक टन इकडचा आणि एक टन तिकडचा कदाचित वळता होत असेल. पण डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याचे देणे कशातच वळते होत नाही. ते त्याच्या दारात जाऊनच फेडावे लागते.

हे सगळे जुने झाले, आता क्योटो संपले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. २०१५ च्या पॅरिस करारातही या व्यापाराला जागा आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात बाकू येथे झालेल्या परिषदेत त्याचे उरलेसुरले नियम ठरले. भारत सरकारनेही २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती केली आणि जून २०२३ मध्ये आपली स्वतःची कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिच्या ऐच्छिक भागात कचराभूमीतला वायू आणि खारफुटीची लागवड यांसारखी कामेही येतात. म्हणजे ही वही आता परदेशातच नाही, तुमच्या-माझ्या महापालिकेत, खाडीकाठच्या ग्रामपंचायतीत उघडली जाणार आहे. म्हणून आज हे बोलायचे.

जुन्या यंत्रणेत एखाद्या प्रकल्पावर जगातल्या कोणालाही हरकत घेता येत असे, असे अभिमानाने सांगितले जाई. ती कशी? प्रकल्पाचा मसुदा इंग्रजीत संकेतस्थळावर टाकायचा आणि तीस दिवस वाट पाहायची. साक्रीच्या पाड्यावरची बाई त्या तीस दिवसांत ते संकेतस्थळ कुठे उघडणार होती? आणि प्रकल्प नोंदला गेल्यानंतर तक्रार ऐकणारी खिडकी त्या यंत्रणेत नव्हतीच. पॅरिस करारातल्या नव्या यंत्रणेत २०२४ साली तक्रार आणि अपिलाची सोय झाली आहे. ती जागेवर कशी चालते, ते दिसायचे आहे. पण कागदावर का होईना, खिडकी आली, ती साजिदा खान यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे भिंतीवर डोके आपटल्यामुळे आली, हे विसरू नये.

तेव्हा श्रोतेहो, आपल्या गावात, आपल्या वॉर्डात कार्बन क्रेडिटचा प्रकल्प येत आहे असे कानावर आले, तर नुसते खूश होऊ नका आणि नुसते घाबरूनही जाऊ नका. काही प्रश्न विचारा. पहिला प्रश्न, हा पैसा घाण बंद करण्यासाठी येतो आहे की चालू ठेवण्यासाठी? गोराई आणि बिसासार रोड यांतला फरक एवढ्याच प्रश्नात आहे. दुसरा प्रश्न, जमीन कोणाची आणि तिथे आज कोण काय कसतो, काय वेचतो? कचरावेचकाची भाकरी जाणार असेल, तर तिचा बंदोबस्त प्रकल्पाआधी व्हायला हवा, नंतर नव्हे. तिसरा प्रश्न, ग्रामसभेत किंवा मोहल्ल्यात, मराठीत, हिंदी-उर्दूत, भिल्ली-मावचीत, लोकांना समजेल अशा बोलीत हे कोणी समजावून सांगितले का? आणि 'नको' म्हणण्याचा अधिकार त्यांना होता का? चौथा प्रश्न, पावतीचे पैसे कोणाच्या खात्यात जाणार आणि त्यातला किती हिस्सा त्या वस्तीच्या दवाखान्यावर, पाण्यावर, शाळेवर खर्च होणार? आणि शेवटचा प्रश्न, ही पावती विकत घेणारा स्वतःच्या घरचा धूर किती कमी करणार आहे? तो काहीच करणार नसेल, तर आपण त्याला फक्त सवलत विकत आहोत.

हे प्रश्न विचारायला पर्यावरणशास्त्राची पदवी लागत नाही. आठवड्याचा बाजार करणारी बाई तराजूची दांडी सरळ आहे ना, हे पाहतेच. तेवढी नजर पुरे.

क्रेडिट या शब्दाला मराठीत कितीतरी अर्थ आहेत. बँकेत तो जमा होतो, दुकानात उधारी होतो, चांगल्या कामात श्रेय होतो, बाजारात पत होतो. कार्बनच्या वहीत जमा एकाकडे गेली, श्रेय दुसऱ्याकडे गेले, पत तिसऱ्याची वाढली. उधारी तेवढी डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या नावावर राहिली. ती फेडायची तर आधी त्यांची नावे वहीत लिहावी लागतील. क्लेअर इस्टेटचे, केनेडी रोडचे, बैंगनवाडीचे, साक्रीच्या पाड्यांचे. एवढे लिहून झाले, की मग टनांचा हिशेब खुशाल करावा.